गाबा म्हणजे ‘सुम्म बस’ नव्हे: स्मृतीच्या मेंदूतलं इन्हिबिशन शिकताना या चुका टाळा

गणपतीची सुट्टी संपली की आमच्या बेळगावातल्या टिळकवाडीच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर वह्यांचा ढीग लागतो. मेडिकलच्या पहिल्या वर्षाची मुलं, फार्मसीची, एखाददुसरी बी.एस्सी.ची. कुणी खानापूरहून रोज ये-जा करतं, कुणी निपाणीचं इथं खोली घेऊन राहिलेलं. बहुतेकांचं दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजी. त्यामुळं समजून घ्यायचं मराठीत आणि कागदावर उतरवायचं पाठ केलेलं इंग्रजी, ही सवय जडलेली. हुशारीत कमी नाहीत. पण हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणी घडवणारा भाग, आणि तिथलं इन्हिबिशन, म्हणजे एका न्यूरॉननं दुसऱ्याला दाबणं, हा प्रश्न आला की वर्षानुवर्षं त्याच चुका दिसतात, आणि त्या तपासून मी खरंच थकलेय.

परवा एका येळ्ळूरच्या मुलाला तोंडी विचारलं, गाबा नेमकं करतो काय? (गाबा म्हणजे न्यूरॉन एकमेकांना निरोप द्यायला सोडतात त्यातलं एक रसायन.) तो म्हणाला, “मॅडम, गाबा सेलला ‘सुम्म बस’ म्हणून सांगूलाय.” ‘सुम्म’ म्हणजे गप्प. वाक्य त्याचं स्वतःचं होतं, म्हणून मला आवडलं. पण बाकीच्या सगळ्या चुका ह्याच वाक्यातून फुटतात, म्हणून इथूनच सुरुवात करते.

गुण रसायनाला चिकटवू नका

गाबा दाबतो, ग्लुटामेट चेतवतो, अ‍ॅसिटिलकोलिन स्मृती वाढवतो, अशी तीन कप्प्यांची यादी मुलं पाठ करतात. रसायनात दाबण्याचा गुण नसतो. तो रेणू सेलच्या ज्या रिसेप्टरवर, म्हणजे त्याला ओळखणाऱ्या प्रथिनावर, जाऊन बसतो त्यावर सगळं ठरतं. ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर दाखवलं की व्हेगस नर्व्ह चेतवल्यावर सुटणारं रसायन हृदय मंद करतं. ते अ‍ॅसिटिलकोलिन निघालं. तेच अ‍ॅसिटिलकोलिन दंडाच्या स्नायूवर पडलं तर स्नायू आकुंचन पावतो. हृदयात एम-२ रिसेप्टर, स्नायूत निकोटिनिक. रेणू तोच, परिणाम उलटे.

हिप्पोकॅम्पसमध्येही हेच आहे. अ‍ॅसिटिलकोलिनचे एम-१ जातीचे रिसेप्टर तिथल्या मोठ्या पिरॅमिडल न्यूरॉनना चेतवतात, एम-२ जातीचे काही टोकांवर बसून रसायन सुटणंच कमी करतात. खुद्द ग्लुटामेटचे काही मेटाबोट्रॉपिक रिसेप्टर सिनॅप्सच्या, म्हणजे दोन न्यूरॉनच्या सांध्याच्या, अलीकडच्या बाजूला बसून पुढचं ग्लुटामेट सुटू देत नाहीत. म्हणून माझ्या वर्गात एकट्या ‘गाबा’ या शब्दाला अर्धाही गुण नाही. त्याच्या दोन रिसेप्टरांपैकी कुठला, गाबा-ए की गाबा-बी, हे लिहिलं तरच मी पुढं वाचते. मुलांना हे कडक वाटतं. वाटू दे.

‘गाबा-ए उघडला की सेल निगेटिव्ह होतो’

ही माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याची चूक, कारण मी ती स्वतः केलीय आणि तिच्यापायी तीन आठवडे घालवलेत.

आधी खरं काय ते. गाबा-ए रिसेप्टर म्हणजे पाच तुकड्यांनी बनलेली एक नळी. बहुतेक ठिकाणी दोन अल्फा, दोन बीटा, एक गॅमा. गाबा बसला की नळी उघडते आणि मुख्यतः क्लोराइड ये-जा करू लागतो, थोडं बायकार्बोनेटही जातं. नळी क्लोराइडला आत ओढत नाही, तिच्यात मोटार नाही. क्लोराइड कुठल्या दिशेनं जाणार हे आतबाहेरचं प्रमाण आणि त्या क्षणाचं व्होल्टेज मिळून ठरवतात. ज्या व्होल्टेजला ही ये-जा तोलते, ती क्लोराइडची पातळी. बाहेर १३० मिलिमोलर, आत ७ असेल तर ६१.५ गुणिले (बाहेर भागिले आत) याचा लॉग, हिशोब करा, उणे ७८ मिलिव्होल्ट येतं. आत १० असेल तर उणे ६८ च्या आसपास. आत २५ झालं तर उणे ४४. आतल्या थोड्याशा क्लोराइडनं एवढा फरक पडतो.

आता माझी गोष्ट. शिक्षण संपवून मी बेंगळूरला एका प्रयोगशाळेत नोकरीला होते. उंदराच्या हिप्पोकॅम्पसचे पातळ काप, सूक्ष्मदर्शकाखाली सीए-१ भागातला एक न्यूरॉन, त्याला काचेची बारीक पिपेट चिकटवून आतला विद्युतप्रवाह मोजायचा. पहिल्यांदाच माझ्या हातानं सील, म्हणजे पिपेटची न्यूरॉनवरची घट्ट पकड, जमलं होतं आणि मला थांबवत नव्हतं. पिपेटमध्ये भरायचं, क्लोराइड कमी असलेलं ग्लुकोनेटचं द्रावण संपलेलं. नवं करायचं म्हणजे वजनं, पीएच, ऑस्मोलॅरिटी, गाळणं, अर्धा दिवस. फ्रिजमध्ये शेजारच्या टेबलाची एक बाटली होती, वर नुसतं ‘इंटर्नल’ लिहिलेलं. मी तीच भरली.

न्यूरॉन उणे ७० मिलिव्होल्टला धरला, गाबाचा एक फवारा दिला आणि रेषा खाली गेली. प्रवाह आत येतोय, म्हणजे सेल चेततोय. व्होल्टेज मोकळं सोडलं तर फवाऱ्यासरशी न्यूरॉन चक्क स्पाइक, म्हणजे निरोप पाठवणारे विजेचे झटके, मारू लागला. पूर्ण वाढलेल्या उंदरात गाबा चेतवतोय! मी तीन आठवडे तेच करत राहिले, आठ पानांचं टिपण लिहिलं, घरी बेळगावला आईला फोन करून काहीतरी मोठं सापडलंय म्हणून सांगितलंही.

आमच्यातल्या एका ज्येष्ठ ताईंनी टिपण वाचलं आणि एवढंच विचारलं, “पिपेटमध्ये काय भरलंयस?” ती बाटली पोटॅशियम क्लोराइडची होती, १४० मिलिमोलर. शेजारच्यानं ती मुद्दाम बनवली होती, कारण त्याला बारीक बारीक गाबा प्रवाह मोठे दिसायला हवे होते. म्हणजे मीच न्यूरॉन क्लोराइडनं काठोकाठ भरत होते. आत १४०, बाहेर १३०, क्लोराइडची तोलाची पातळी शून्य मिलिव्होल्टच्या जवळ. नळी उघडली की क्लोराइड बाहेर धावत होता, ऋण भार बाहेर जात होता, न्यूरॉन वर चढत होता. मी मेंदूचा नव्हे, माझ्या बाटलीचा गुणधर्म मोजत बसले होते.

तेव्हापासून माझ्या हाताखालच्या कुठल्याही बाटलीच्या झाकणावर द्रावणाचं नाव नसतं, क्लोराइडचा आकडा असतो आणि त्याखाली त्यावरून निघणारं मिलिव्होल्ट. घाईनं उचललेलं द्रावण अर्धा दिवस वाचवतं आणि तीन आठवडे खातं. नव्या मुलांना हे पटत नाही, त्यांना लगेच रेषा हलताना बघायची असते.

आणि हे नुसतं प्रयोगशाळेतलं नाही. नवजात मेंदूत निसर्गच न्यूरॉनमध्ये क्लोराइड जास्त ठेवतो. क्लोराइड आत आणणारा एनकेसीसी-१ तेव्हा जोरात असतो, बाहेर काढणारा केसीसी-२ अजून पुरता आलेला नसतो. येहेझ्केल बेन-आरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली नवजात उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये गाबामुळं उठणाऱ्या मोठ्या उत्तेजक लाटा दाखवल्या. पंपांचा तोल पुढं बदलतो, मग तोच गाबा, तोच गाबा-ए, दाबू लागतो.

सेल वर चढला म्हणजे इन्हिबिशन नाही, असंही नाही

वरची गोष्ट ऐकून मुलं लगेच दुसऱ्या टोकाला जातात: वर चढवतो तर तो उत्तेजक. इथं पेन्सिल घ्या. वहीत एक उभी रेघ मारा, आकडे मिलिव्होल्टचे. तळाला पोटॅशियम, उणे ९०. मग विश्रांती, उणे ७०. मग क्लोराइड, समजा उणे ६०. वर उंबरठा, उणे ४५. सगळ्यात वर ग्लुटामेटची पातळी, शून्य. हिला आम्ही शिडी म्हणतो. शिडी न काढता उत्तर लिहायला घेतलेलं मला चालत नाही.

आता न्यूरॉनची नेहमीची गळती, म्हणजे सदा उघड्या असणाऱ्या वाहिन्या, एक एकक धरा, तिची पातळी उणे ७०. ग्लुटामेटनं एक एकक वाट उघडली तर व्होल्टेज दोन्हींच्या मधे, उणे ३५. उंबरठा ओलांडला, स्पाइक जाणार. आता फक्त गाबा-ए उघडा, तीन एकक, पातळी उणे ६०. उणे ७० आणि उणे १८० यांची बेरीज भागिले चार, उणे ६२.५. म्हणजे एकटा गाबा सेलला उणे ७० वरून वर चढवतो. आता दोन्ही एकत्र उघडा. उणे २५० भागिले पाच, उणे ५०. उंबरठ्याच्या खाली. जो स्पाइक जाणार होता तो गेला नाही. एकटा असताना वर उचलणारा गाबा ग्लुटामेटबरोबर असताना खाली खेचतो.

ह्याला शंटिंग म्हणतात, आणि ते मला नीट सांगितलं चिक्कोडीकडच्या एका मुलीनं. तिच्या घरी ऊस. ती म्हणाली, “म्हणजे पायपाला मधेच भोक पडल्यागत की मॅडम. मोटार चालूच हाय, पाणी कुणी उपसलं नाही, पण शेवटच्या सरीला पोचूच नाही.” अगदी तेच. मग मी तिला विचारलं, भोक कुठं आहे यानं फरक पडतो का? तिनं क्षणभर विचार करून सांगितलं, मोटारीजवळ पडलं तर सगळं रान कोरडं, टोकाला पडलं तर एकच सरी. हिप्पोकॅम्पसमध्ये बास्केट सेल न्यूरॉनच्या धडावर बसतात, सगळा स्पाइकच अडवतात. ओ-एल-एम सेल डेंड्राइटच्या दूरच्या टोकावर बसतात आणि तिथून एन्टोरायनल कॉर्टेक्सकडून (हिप्पोकॅम्पसला निरोप पाठवणाऱ्या शेजारच्या भागाकडून) येणारा तेवढाच निरोप अडवतात. पुस्तकातल्या आकृतीत दोन्हींना एकच वजाचं चिन्ह असतं. ते खोडा आणि जागा लिहा.

गाबा-बी ला गाबा-ए चा धाकटा भाऊ समजू नका

गाबा-बी नळी नाहीच. दोन उपघटकांची जोडी, सेलच्या आतल्या जी-प्रोटीन नावाच्या दूतामार्फत काम करणारी. सिनॅप्सच्या पलीकडच्या बाजूला ती जीआयआरके नावाच्या पोटॅशियम वाहिन्या उघडते, म्हणून शिडीच्या तळाकडे, उणे ९० कडे ओढ. परिणाम सावकाश येतो आणि शेकडो मिलिसेकंद टिकतो. गाबा-ए दहा-वीस मिलिसेकंदांतच आटोपतं. अलीकडच्या बाजूला ती कॅल्शियम वाहिन्या आवळते, मग रसायन सुटणंच घटतं. तिला चेतवणारं बॅक्लोफेन तिच्यावर चालतं, गाबा-ए ला अडवणारं बायक्युक्युलीन चालत नाही.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवाच: त्याच पोटॅशियम वाहिन्या सेरोटोनिनचा ५-एचटी-१ए आणि अ‍ॅडेनोसिनचा ए-१ रिसेप्टरही उघडतात. दरवाजा एक, घंटा तीन. परीक्षेत गाबा-बी च्या उत्तरात ही ओळ कुणी लिहिली की मी पूर्ण गुण देते.

कोण दाबलं गेलं, ते न विचारता पुढं जाऊ नका

मॉर्फिनसारख्या औषधांचे म्यू रिसेप्टर दाबणारे आहेत. तरीही हिप्पोकॅम्पसमध्ये ते दिल्यावर पिरॅमिडल न्यूरॉन जास्त स्पाइक मारतात. कारण ते रिसेप्टर प्रामुख्यानं इंटरन्यूरॉनवर, म्हणजे गाबा सोडणाऱ्या न्यूरॉनवर, आहेत. दाबणाऱ्याला दाबलं. कॅनॅबिनॉइडचा सीबी-१ काही बास्केट सेलच्या टोकांवर असतो आणि गाबा सुटू देत नाही, तोही ह्याच कुळातला. बाणांची साखळी काढताना प्रत्येक बाणाच्या टोकावर सेलचं नाव लिहा. वजा गुणिले वजा म्हणजे अधिक, हे सातवीत शिकलेलं इथं विसरायचं कारण नाही.

‘इन्हिबिशन कमी केलं तर स्मृती वाढेल’

ही दुसरी चूक जिच्यावर मी फार वेळ घालवते. तिच्यात अर्धं सत्य आहे, आणि अर्धं सत्य काढणं जास्त अवघड.

हिप्पोकॅम्पसच्या कापात दीर्घकालीन क्षमतावृद्धी, म्हणजे एलटीपी (सिनॅप्स बराच काळ बळकट होणं), सहज मिळावी म्हणून संशोधक पिक्रोटॉक्सिन घालतात. ते गाबा-ए ची नळी बुजवतं. हे मिळतं कशातून? सह्याद्रीच्या रानात वाढणाऱ्या काकमारीच्या वेलीच्या फळांतून. ती फळं कुटून ओढ्यात टाकून मासे गुंगवायची रीत घाटाकडच्या लोकांना ठाऊक आहे. मुलं हे वाचतात आणि म्हणतात, मग इन्हिबिशन हा अडथळाच की. पण तेच संशोधक पिक्रोटॉक्सिन घालण्याआधी बहुधा हिप्पोकॅम्पसचा शेजारचा सीए-३ भाग कापून वेगळा करतात, ही ओळ ते वाचत नाहीत. तसं केलं नाही तर सगळे न्यूरॉन एकदम पेटतात, फिट येते तसं. माशांनाही गुंगी नव्हे, झटकेच येतात.

डेंटेट जायरस या हिप्पोकॅम्पसच्या भागात एखादी जागा ओळखताना फार थोडे ग्रॅन्यूल सेल जागे असतात. बाकीच्यांना गप्प ठेवलं म्हणूनच बेळगावातल्या खडेबाजार आणि गणपत गल्ली या दोन आठवणी एकमेकींत मिसळत नाहीत. दाबणं हा आठवणीच्या कामाचाच भाग आहे.

वेळेचाही प्रश्न आहे, आणि इथं मला हा विषय सगळ्यात सुंदर वाटतो. एलटीपीसाठी थीटा लयीत झटके देतात: चार-चार स्पंदनांचे गठ्ठे, दर २०० मिलिसेकंदांनी. हेच अंतर का? पहिल्या गठ्ठ्यानं सुटलेला गाबा इंटरन्यूरॉनच्या स्वतःच्याच टोकावरच्या गाबा-बी वर जाऊन बसतो आणि त्याचं पुढचं गाबा सोडणं रोखतो. हे रोखणं साधारण २०० मिलिसेकंदांवर ऐन भरात असतं. दुसरा गठ्ठा नेमका तेव्हा येतो, ब्रेक ढिला असतो, ग्लुटामेटच्या एनएमडीए रिसेप्टरमध्ये बूच होऊन बसलेला मॅग्नेशियम निघतो आणि सिनॅप्स बळकट होतो. ग्रॅहम कॉलिंग्रिज यांच्या गटानं १९९१ साली हे दाखवलं: ते गाबा-बी बंद केले की थीटा झटक्यांनी होणारी एलटीपी अडते. म्हणजे एक इन्हिबिटरी रिसेप्टर बंद केला आणि शिकणं वाढण्याऐवजी बिघडलं. हा परिच्छेद मी वर्गात दोनदा सांगते, मुलं चुळबुळ करू लागली तरी.

उलट टोकाची चूक घराघरांत होते. खानापूर तालुक्यातली माझी एक मावशी. काका गेल्यावर तिला झोप लागेना. कुणीतरी अल्प्राझोलाम, बेन्झोडायझेपिन जातीची गोळी, लिहून दिली, थोड्या दिवसांपुरती. जुनी चिठ्ठी दाखवून ती दोन वर्षं चालू राहिली. मावसबहीण म्हणायची, “झोप लागली की डोकं ताजं राहतं, विसरायची कमी होईल.” मी दिवाळीला गेले तेव्हा मावशीनं मला तासाभरात चारदा विचारलं, “कधी आलीस गं?” दूध गॅसवर ठेवलंय हे तिला आठवेना. पण १९७१ साली तिच्या लग्नात नंदगडहून कोण कोण बैलगाडीनं आलं, हे तिनं नावानिशी सांगितलं.

जुनं शाबूत, नवं टिकत नाही. वयानं होणारे आजार असेही दिसू शकतात, म्हणून निदान घरात बसून करू नये. पण ह्या गोळ्यांचा ठसाही नेमका असाच असतो. त्या स्वतः नळी उघडत नाहीत. अल्फा आणि गॅमाच्या सांध्यात बसून, गाबा असेल तेव्हा नळी जास्त वेळा उघडायला लावतात. हिप्पोकॅम्पसमध्ये अल्फा-५ (अल्फा तुकड्याचा एक प्रकार) असलेले रिसेप्टर भरपूर आहेत, सिनॅप्सच्या बाहेर पसरलेले, सतत मंद दाब ठेवणारे. अल्फा-५ नसलेले उंदीर पाण्यातली लपलेली पायरी शोधायला उलट चांगलं शिकले. तेव्हा ह्या दाबाला गोळीनं आणखी भर घातली की नवी आठवण बसायला अडचण येणारच. एंडोस्कोपीआधी ह्याच जातीचं मिडाझोलाम दिलेला माणूस डॉक्टरांशी बोलतो, कूस बदलतो, आणि संध्याकाळी त्याला काही आठवत नाही, ते ह्याच वाटेनं.

मावशीची गोळी डॉक्टरांनी काही महिने घेऊन थोडी थोडी उतरवली. एकदम बंद केली असती तर फिट येण्याचा धोका होता. एवढी सवय झालेला मेंदू ब्रेक अचानक निघाल्यावर सावरत नाही. हे वाचून कुणी घरच्या वडीलधाऱ्यांची गोळी परस्पर थांबवली तर माझ्या लिहिण्याचा उपयोग नव्हे, अपाय होईल. पुढच्या पाडव्याला ती दारातच म्हणाली, “दिवाळीला कुंदा आणलेलीस, यंदा नाही आणलास?”

बाकीच्या, पटापट

बेन्झोडायझेपिन नळी उघडण्याची वारंवारता वाढवतं, बार्बिट्युरेट (गुंगीची जुनी औषधं) उघडी राहण्याचा काळ वाढवतं. दरवर्षी निम्मा वर्ग उलटं लिहितो.

‘गाबा’ची पावडर किंवा कॅप्सूल खाऊन ती हिप्पोकॅम्पसला पोचते असं समजू नका. रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या अडसरातून गाबा फारच कमी जातो. पैसे वाचवा.

रात्रभर जागायला चहावर चहा पिणाऱ्यांनी एवढं समजून घ्यावं: कॅफिन अ‍ॅडेनोसिनच्या (जागेपणी मेंदूत साचणाऱ्या, झोप आणणाऱ्या रसायनाच्या) रिसेप्टरवर बसून त्याचा दाब अडवतं, साचलेलं अ‍ॅडेनोसिन संपवत नाही.

क्लोराइडचा आकडा लिहिताना वय, प्राणी आणि तापमान लिहायला विसरू नका. आकडा एकटा काही सांगत नाही.

आणि वरची शिडी जमली का ते स्वतः तपासा. गळती एक एकक, उणे ७०. ग्लुटामेट एक एकक, शून्य. गाबा-ए तीन एकक, पण क्लोराइड ह्या वेळी उणे ७५ धरा. एकटा गाबा उघडला तर उणे ७३.७५ यायला हवं, दोन्ही उघडले तर उणे ५९. दुसरं काही आलं तर पहिल्यांदा वजाची चिन्हं बघा, मग भागाकारात गळतीचं एक एकक धरलंय का ते.